खिशातला अर्धा तास

सोमवार, ४ तारीख

कॅप्टन,

मायना काय लिहावा या विचारात सकाळचा चहा गार झाला. आधी 'चिरंजीव सूनबाई' लिहिलं, तर तुझ्या सासूबाई खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "घटस्फोटाचे कागद होऊन आठ महिने झाले. ती आता सून नाही." मग नुसतं नाव लिहायला गेलो, तर ते हाताला येईना. सहा वर्षांत मी तुला नावाने हाक मारली आहे का कधी? शेवटी म्हटलं, जे कोणत्याच कोर्टाला काढून घेता येत नाही ते लिहू.

हो, कळलं मला. तू कळवलं नाहीस तरी कळलं. माझा कंडक्टर आठवतो ना, आमचा चिमटा? बावीस वर्षं माझ्या गाडीवर होता, तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्यावरून त्याचं नाव पडलं, तोच. गेल्या गुरुवारी लेकीकडून परत येताना तो विमानाने आला. सोळा तास बसमध्ये बसायला त्याचे गुडघे आता तयार नाहीत. पट्टा आवळून बसला होता आणि वरून आवाज आला: नमस्कार, मी तुमची कॅप्टन बोलते आहे. आपल्याला सहाशे दहा किलोमीटर जायचं आहे, हवेतला वेळ एक तास दहा मिनिटं. चिमटा म्हणतो, "मी ताडकन उठलो." पट्टा बांधलेला होता हे विसरला, त्यामुळे तितक्याच ताडकन खाली बसला. उतरल्यावर स्वतःच्या घरी न जाता बॅग घेऊन थेट आमच्या दारात आला. "आवाज तोच," म्हणाला. "आणि तिकिटावरच्या वेळेआधी पोचवलं. तुझीच चाल आहे ती."

डेपोत मला 'अर्धा तास' म्हणत, हे तुला माहीत आहे. चिमट्याला मात्र वाटतं तू विसरली असशील, म्हणून पुन्हा सांगतो. गाडी सोडण्याआधी मी उभा राहून सगळ्यांना सांगायचो की अंतर सातशे ऐंशी किलोमीटर, थांबे सहा, आणि सकाळी अकराला पोचू. पाटीवर साडेदहा लिहिलेले असायचे. पण लोक मनात अकरा धरून बसत आणि साडेदहाला स्टँड दिसला की माझ्याकडे अशा प्रेमाने बघत की विचारू नकोस. अर्धा तास नेहमी खिशात ठेवावा. घाटात लागला तर खर्च करावा, नाही लागला तर उतरताना प्रवाशांना वाटून टाकावा. तू नवीन नवीन घरात आलीस तेव्हा हे ऐकून इतकी हसलीस की हातातली वाटी पडली. "अप्पा, आमच्याकडेही असतो तो! तिकिटावर पावणेदोन तास छापतात, हवेत असतो एक तास दहा मिनिटं." त्या दिवशी मी तुझ्या सासूबाईंना सांगितलं, ही पोरगी आपल्या धंद्यातली आहे.

मी तुला तेव्हा एक अडाणी प्रश्न विचारला होता. दोन्ही शहरं जागच्या जागी, तर माझे सातशे ऐंशी आणि तुझे सहाशे दहा कसे? दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. तू शिवणाच्या डब्यातून दोरा काढलास, भिंतीवरचा नकाशा उतरवून जमिनीवर पसरलास आणि या शहरापासून त्या शहरापर्यंत दोरा ताणून तोडलास. मग दुसरा दोरा घेऊन माझ्या रस्त्यावरून बसवायला लागलीस. नाक नकाशाला टेकलेलं, एकेका वळणावर बोट दाबून धरलेलं. "अप्पा, या वळणाला गाडी किती हळू करता? इथे पूल आहे का?" माझा मुलगा तेव्हा पेपर वाचत होता. तीस वर्षांत माझा रस्ता मला असा कोणी विचारला नव्हता. शेवटी दोन्ही दोरे शेजारी ठेवलेस आणि म्हणालीस, "तुमचा लांब आहे." किती वेळ वाचतो बघा, असं नाही म्हणालीस. ते मी अजून विसरलेलो नाही.

आणि माझी शेवटची खेप. तुला वरून तासाभरात जाता येत होतं. ज्याला पंख आहेत त्याने सोळा तास बसमध्ये कशाला काढावेत? तू काढलेस. इंजिनाशेजारच्या आडव्या बाकावर बसलीस, मी झोपत नाही म्हणून तूही झोपली नाहीस, आणि पहाटे जेव्हा डोळे आपोआप मिटायला लागतात तेव्हा संत्री सोलून एकेक फोड माझ्या हातावर ठेवत राहिलीस. ती वेळ तुलाही ठाऊक होती. घाटात एक शब्द बोलली नाहीस. स्टँडवर मी हँडब्रेक ओढला, किल्ली काढली, तेव्हा म्हणालीस, "अप्पा, लँडिंग छान झालं." मी खाली उतरून टायर बघायचं निमित्त केलं आणि बराच वेळ टायरच बघत राहिलो.

त्याच दिवशी मी तुला शब्द दिला होता. विमानात पाय ठेवणार नाही अशी माझी शपथ असली, तरी ज्या दिवशी तुझ्या खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी येईल आणि तू डावीकडच्या खुर्चीत बसशील, त्या दिवशी मी तुझ्या विमानात बसणार. तो दिवस आला आहे. प्रश्न एवढाच आहे की शब्द सुनेला दिला होता, आणि आता तू म्हणे सून नाहीस. तर हा शब्द अजून चालू आहे की बाद? तू सांगशील तसं. नको म्हणालीस तरी राग नाही.

तू आता त्या टोकाच्या शहरात राहतेस एवढंच ठाऊक आहे, घराचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून विमान कंपनीच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतो आहे.

अप्पा


शुक्रवार, १५ तारीख

कॅप्टन,

उत्तर नाही. ठीक आहे, टपाल आहे, उशीर होतो. मी घाई करत नाही.

काल एक गोष्ट बघितली म्हणून लिहितो. काल गुरुवार. गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलो होतो आणि दवाखाना विमानतळाच्याच बाजूला असल्यामुळे परत येताना कुंपणाजवळच्या भिंतीवर जरा टेकलो. तिथे एक चहावाला आहे. वारा असा सुटला होता की त्याची ताडपत्री फडफडून उडायला बघत होती. संध्याकाळची तुझ्या शहराची गाडी, म्हणजे विमान, यायची वेळ झाली. आलं, पण तिरकं आलं. नाक एकीकडे, चाल दुसरीकडे. मी भिंतीवरून उठून उभा राहिलो. चाकं टेकणार, टेकणार, आणि ते गर्जना करत पुन्हा वर गेलं.

चहावाला म्हणाला, "चुकलं वाटतं. कोण चालवतंय कोण जाणे." मी काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सभ्य भाषेत सांगायचं तर, बाबा रे, चुकल्यावर पुढे रेटणारे मी शंभर बघितलेत, त्यातले काही आता बघायला उरले नाहीत. दीडशे माणसं पाठीमागे बसलेली असताना 'जमत नाही, पुन्हा येते' असं म्हणायला छाती लागते. घाटात गाडी उलटी घेऊन दुसऱ्याला वाट द्यायची म्हटली की भलेभले ड्रायव्हर कमीपणा मानतात. तू आख्खं विमान उलटं घेतलंस. मग मोठा वळसा घालून दुसऱ्यांदा आलीस आणि असं टेकवलंस की जणू कोणी झोपलेलं मूल गादीवर ठेवलं. मी टाळ्या वाजवल्या, एकट्याने. तू होतीस ना ती? मला तर खात्रीच आहे.

रविवारी मुलगा आला होता. टेबलावरचा पाकिटांचा गठ्ठा बघून त्याने ओळखलं. रागावला नाही. "अप्पा, तिला आता आपल्यातून मोकळं होऊ द्या," एवढंच म्हणाला. तो चांगला माणूस आहे, हे तुलाही माहीत आहे. त्याला संध्याकाळी घरात दिवा लावणारं कोणी हवं होतं आणि तू त्या वेळी ढगात असायचीस. दोघंही सोन्यासारखी, पण एका वेळापत्रकात बसेनात. कोणाचं चुकलं हे मी मोजत नाही, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण त्याचं बोलणं मनात राहिलं आहे. मी तुझ्या मागे लागलो आहे का? तसं असेल तर एका ओळीत सांग.

तुझ्या सासूबाई 'ती आता आपली कोण' हे पालुपद सोडत नाहीत. आज सकाळी मात्र भांडी घासता घासता मध्येच म्हणाल्या, "विमानात खिडकीची जागा मागून मिळते का हो?" मी भांडी पुसायला घेतली. कान मात्र टवकारले.

अप्पा


बुधवार, २० तारीख

कॅप्टन,

तुझं पत्र काल आलं. चार ओळी. पाच वेळा वाचल्या, त्यामुळे माझ्या हिशेबाने त्या वीस झाल्या.

तू लिहितेस, 'अप्पा, मी आता तुमची कोणी नाही, माझ्यासाठी घरात वाद नको. तुम्ही दिलेल्या शब्दातून मी तुम्हाला मोकळं करते.' मला मोकळं करणारी तू कोण गं? शब्द माझा, तो मी दिला. घेणाऱ्याने परत करायचा म्हटलं तरी देणाऱ्याने परत घ्यायला हवा ना? मी घेत नाही. ठेव तुझ्याकडेच.

आणि घरात वाद होतोच आहे, पण तुझ्यावरून नाही. खिडकीची जागा कोणाची यावरून आहे.

खाली तू लिहिलंस की एक तारखेला रविवारी तू दूरच्या देशात जाते आहेस, मोठ्या विमानावर, एका दमात आठ-आठ तास उडायला. वाचून छाती फुगली. पण पुढे हेही लिहिलंस की तिथे पुन्हा उजवीकडच्या खुर्चीत बसावं लागेल, तीन पट्ट्या लावून, काही वर्षं. म्हणजे एकदा हेडमास्तर झाल्यावर पुन्हा मोठ्या शाळेत मास्तर म्हणून जायचं. आमच्या डेपोत कोणी गेलं नसतं. साध्या गाडीवरून आरामगाडीवर जाताना पहिल्या महिन्यात क्लीनरसारखं शेजारी बसायला सांगितलं होतं, तर दोघांनी नोकरी सोडली. तू आपणहून जाते आहेस, कारण ते तुला शिकायचं आहे. तुझ्याएवढा असताना माझ्यात हे नव्हतं. आताही नाही.

आणि शेवटची ओळ: 'शुक्रवारी, २९ तारखेला, संध्याकाळी पाचचं माझं या मार्गावरचं शेवटचं उड्डाण.' ही ओळ कशाला लिहिलीस? ताकाला जाऊन भांडं लपवू नये. ज्याला प्रवासी नको असतो, तो गाडीची वेळ सांगत नाही.

तेव्हा ऐक. तिकिटं काढली आहेत, दोन. अकरावी रांग. खिडकी तुझ्या सासूबाईंची, मी हरलो. डॉक्टरांनाही विचारून झालं. ते म्हणाले, तासाभराच्या प्रवासाला काय होतंय, फक्त उतरताना ब्रेक दाबू नका. कोणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगून ठेवलेलं दिसतं. सासूबाईंनी माळ्यावरून बॅग काढली आहे, नऊ दिवस आधी. ती दाराजवळ उभी आहे आणि येता-जाता माझा पाय तिला लागतो.

चौथी पट्टी आणि डावी खुर्ची एकत्र सापडायला हा एकच दिवस उरला आहे, हे मला कळतं. पुढची काही वर्षं म्हणजे किती, आणि त्यात मी किती, हे कोणी सांगावं? म्हणून शुक्रवारी मी येणार म्हणजे येणार.

अप्पा


शुक्रवार, २९ तारीख, बस स्टँड, संध्याकाळ

कॅप्टन,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुझ्या पाकिटामागे घराचा पत्ता होता, तिथे दारात येऊन हातात देणार आहे. तू उद्यापर्यंत तिथे आहेस, एवढाच भरवसा.

मी आलो होतो. आधी हे वाच, मग बाकीचं. मी मागे फिरलो नाही, मी आलो होतो.

तिकिटावर लिहिलं होतं की काउंटर चार वाजता बंद होईल. तुझ्या सासूबाई दोन वाजल्यापासून दारातल्या खुर्चीत बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलाने तीनदा फोन केला, "निघालात का?" मी सावकाश दाढी करत होतो. म्हटलं, घाबरता काय! चार लिहिलेत म्हणजे साडेचार. प्रत्येक धंद्यात अर्धा तास खिशात असतोच. सूनबाईने स्वतः सांगितलंय की यांच्याकडेही असतो. मी चार वीसला काउंटरसमोर उभा राहिलो, वर दहा मिनिटं हातात ठेवून, ऐटीत.

काउंटरवरच्या मुलीने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, बंद झालं."

मी तिला अर्ध्या तासाचं तत्त्व समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "काका, तो अर्धा तास हवेतल्या वेळेत असतो," ती म्हणाली. "काउंटरला नसतो." अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तीस वर्षं मी पळत येणाऱ्यांसाठी गाडी थांबवली, आणि शेवटी कोणासाठी थांबत नाही अशा एकाच गाडीला उशीर केला.

मी तिला म्हटलं, कॅप्टनला एवढाच निरोप दे: म्हातारा आला होता. उशिरा आला, पण आला होता. आता त्याच्या गाडीने येतो आहे. ती म्हणाली, "पोचेल की नाही सांगू शकत नाही, काका." डोळ्यांतून चांगली मुलगी वाटली. तुझा नवा नंबर मुलाकडे असेल, पण त्याच्याकडून मागून घेणं बरं दिसत नाही. आणि हे फोनवर सांगण्यासारखं आहे का? फोनवरून कोणीही म्हणेल, मी आलो होतो.

बाहेर आलो, सासूबाईंना रिक्षात घातलं आणि कुंपणाच्या भिंतीकडे नेलं. चहावाला म्हणाला, "काका, आज गुरुवार नाही, आज कसे?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आणि दवाखाना इकडे कधी आला?" तर हेही लिहून टाकतो. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. चिमट्याने सांगितल्यापासून दर गुरुवारी मी त्या भिंतीवर येऊन बसतो आहे.

बरोबर पाचला तू निघालीस. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. अकराव्या रांगेत दोन जागा रिकाम्या ठेवून, कोणाच्या आहेत हे माहीत असून. मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं. घरच्या माणसांसाठी गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा दोनदा थांबवली. तू थांबवली नाहीस. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा मी त्या चहावाल्याला ओरडून सांगितलं, "ही माझी सून! मला सोडून गेली, बघ कशी वेळेवर गेली!" त्याला वाटलं, म्हातारा कामातून गेला. सासूबाई डोळे पुसत होत्या आणि मी हसत होतो, निदान हसायला सुरुवात तरी केली होती.

पण मग विमान ढगात दिसेनासं झालं आणि लक्षात आलं. तुला वाटणार की मी ऐनवेळी कच खाल्ली. मुलाचं ऐकलं, लोकांचं ऐकलं, आणि 'ती आता आपली कोण' म्हणत घरी बसलो. परवा तू तेच मनात घेऊन आठ तास समुद्रावरून उडणार. ते मला चालणार नाही. म्हणून साडेसहाची गाडी.

मुलगा स्टँडवर सोडायला आला. मी वाट बघत होतो की आता बोलेल, सांगितलं होतं ना लवकर निघा. त्याने बॅग वर चढवून दिली, पाण्याची बाटली दिली. मग म्हणाला, "तिला सांगा, कॅप्टन झाल्याचं कळलं. बरं वाटलं ऐकून." हे मी जसंच्या तसं पोचवतो आहे.

सासूबाई माझ्याशी एकच वाक्य बोलल्या आहेत. "तीस वर्षं लोकांना अर्धा तास वाटत फिरलात, स्वतःला मात्र वीस मिनिटं कमी पडली." सोळा तासांचा प्रवास आहे, आणखी एखादं वाक्य येईल.

आत्ता ड्रायव्हर चढला. मी त्याला ओळखत नाही, तो मला ओळखत नाही, माझ्यानंतर भरती झालेला असावा. गाडी सोडण्याआधी उभा राहिला आणि काय म्हणाला असेल? "सातशे ऐंशी किलोमीटर, थांबे सहा, सकाळी अकराला पोचू." पाटीवर अजून साडेदहाच आहेत. सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. पेन थांबवतो, गाडी हलली.

अप्पा


बुधवार, ११ तारीख

अप्पा,

तुमचं बस स्टँडवरचं पत्र विमानात वाचलं, प्रवासी म्हणून बसले होते तेव्हा. शेजारच्या बाईंनी मला न मागता रुमाल दिला.

तुम्हाला तिथून दिसलं नाही ते सांगते. पाचला दहा कमी असताना मला कळवलं की अकराव्या रांगेतले दोघं आले नाहीत. यादीत नावं बघितली होती मी, दुपारपासून चारदा. मी म्हटलं, दार बंद करा. माझ्या सहवैमानिकाने विचारलं, "ओळखीचे होते का?" मी म्हटलं, "हो, घरचे." मी माईकवर अंतर सांगितलं, वेळ सांगितला, आवाज नीट होता असं तो नंतर म्हणाला. खरं सांगू? एक तास दहा मिनिटं मी मनातल्या मनात तुमची बाजू घेत होते. म्हणत होते, बरोबरच केलं अप्पांनी, कशाला यावं त्यांनी? मी त्यांची आता कोण? इतकं पटवलं स्वतःला की उतरताना वारा नव्हता म्हणून बरं झालं.

चाकं थांबली आणि निरोप मिळाला. त्या काउंटरवरच्या मुलीने शब्द न् शब्द कळवला होता. 'म्हातारा आला होता. उशिरा आला, पण आला होता. आता त्याच्या गाडीने येतो आहे.' खाली तिने आपल्या मनाने भर घातली होती: 'आजी म्हणत होत्या, खिडकी वाया गेली.' मी खुर्चीतून उठलेच नाही. सफाईवाले आत आले, तरी मी तिथेच.

सकाळी मी दहालाच स्टँडवर आले. तुमच्यानंतरचे ड्रायव्हर अर्धा तास पाळतात की नाही, ठाऊक नव्हतं. साडेदहाला गाडी वळली. तुम्ही उतरलात, सोळा तास बसून कंबर धरलेली, आणि कशी आहेस वगैरे काही नाही, पहिला प्रश्न, "किती वाजले?" मी सांगितलं. तुम्ही वळून ड्रायव्हरला म्हणालात, "लँडिंग छान झालं." त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. सासूबाईंनी मात्र सगळ्या स्टँडसमोर मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाल्या, "यांच्या घड्याळावर विसंबू नकोस गं." सासूबाई असं बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुमच्या मुलाला सांगा, निरोप मिळाला आणि मलाही बरं वाटलं.

इथे सगळं मोठं आहे. पहिल्या दिवशी मी उजव्या खुर्चीत बसले आणि शिकवणाऱ्याने विचारलं, "कॅप्टन होतीस ना, मग इथे बसताना जड जात नाही?" मी त्याला आमच्या घरच्या एका ड्रायव्हरची गोष्ट सांगितली, ज्याला लांब दोरा जास्त आवडायचा. माझा आताचा दोरा सहा हजार चारशे किलोमीटरचा आहे, आठ तासांचा. सासूबाईंच्या डब्यातलं रीळ त्याला पुरायचं नाही, नवीन आणून ठेवा.

आता शब्दाचं. तुम्ही परत घेत नाही म्हणालात, मीही परत देत नाही. डावी खुर्ची आणि चौथी पट्टी पुन्हा मिळायला किती दिवस लागतील असं इथे सगळे विचारतात. मी सगळ्यांना पाच वर्षं सांगते. तुम्हालाही पाचच सांगते आहे. त्यातलं किती माझ्या खिशात आहे, हे तुम्हाला समजावायला नको. तेवढी वर्षं गुडघे, छाती, सगळं जपा. खऱ्या दवाखान्यात जा, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या. गुरुवारी भिंतीवर बसायला हरकत नाही, पण स्वेटर घालून.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहून दाराला लावा: काउंटर दिलेल्या वेळेलाच बंद होतं.

खिडकीची जागा माझ्या सासूबाईंची.

तुमची
सूनबाई